ज्यूरीकृत कायदानिष्प्रभावन आणि शस्त्रकायदे

ज्यूरीकृत कायदानिष्प्रभावन : आरोपीने कायद्याने गुन्हा ठरविलेले कृत्य केल्याची पुराव्यावरून खातरी पटली असतानाही, तो कायदा अन्याय्य आहे किंवा प्रस्तुत आरोपीस तो लावणे अन्यायाचे होईल, असे मानून ज्यूरीने आरोपीस निर्दोष ठरविणे, यास ज्यूरीकृत कायदानिष्प्रभावन म्हणतात. अशा निर्णयाने कायदा रद्द होत नाही आणि पुढील खटल्यांवर त्याचे बंधनही राहत नाही. त्या एका खटल्यापुरता मात्र तो निष्प्रभ होतो. ही कल्पना इंग्लंडमधील ज्यूरी पद्धतीत उदयास आली व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) तिचा विस्तार झाला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांपासून अ. सं. सं. मध्ये बंदुका व तत्सम शस्त्रे बाळगण्यावरील निर्बंधांच्या विरोधकांनी निषेधाचे एक साधन म्हणून तिचा पुरस्कार केला. हे साधन प्रत्यक्षात कितपत परिणामकारक ठरले आणि कोणाच्या उपयोगी पडले, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

कायदेशीर आधार : हा अधिकार ज्यूरीला कोणत्याही कायद्याने स्पष्टपणे दिलेला नाही. तीन स्वतंत्र नियमांच्या संयोगातून तो निर्माण झाला आहे. पहिला नियम असा, की ज्यूरी फौजदारी खटल्यात केवळ ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढाच निर्णय देते. त्याची कारणे तिला द्यावी लागत नाहीत. दुसरा नियम, निर्णयाबद्दल ज्यूरीच्या सदस्यांना शिक्षा करता येत नाही. तिसरा नियम, निर्दोष ठरलेल्या व्यक्तीवर त्याच अपराधासाठी पुन्हा खटला चालविता येत नाही, अ. सं. सं. च्या संविधानात पाचव्या घटनादुरुस्तीने (१७९१) हे संरक्षण दिले आहे. यांपैकी एक जरी नियम नसेल, तरी हा अधिकार उरत नाही. म्हणून न्यायालये त्यास ज्यूरीचे ‘सामर्थ्य’ मानतात, ‘हक्क’ मानीत नाहीत. तसे करण्यापासून ज्यूरीला कोणी रोखू शकत नाही. परंतु तसे करण्यास कोणी तिला सांगूही शकत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सोळाव्या शतकात इंग्लंडमधील ज्यूरीला हे स्वातंत्र्य नव्हते. सर निकोलस थ्रॉकमॉर्टन याला १५५४ मध्ये राजद्रोहाच्या आरोपातून मुक्त करणाऱ्या ज्यूरीच्या सदस्यांना कैद व दंड भोगावा लागला. या परिस्थितीत बदल घडविणारा खटला १६७० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात झाला. विल्यम पेन (१६४४–१७१८) व विल्यम मीड या क्वेकर पंथीयांवर ग्रेसचर्च रस्त्यावर बेकायदेशीर जमाव जमवून प्रवचन केल्याचा आरोप होता. त्यांना दोषी ठरविण्यास नकार देणाऱ्या ज्यूरीला दोन रात्री अन्नपाण्याविना कोंडून ठेवण्यात आले आणि निर्णय न बदलल्याने प्रत्येक सदस्यास ४० मार्क दंड करण्यात आला. दंड भरण्याचे नाकारून एडवर्ड बुशेल व त्याचे काही सहकारी तुरुंगात गेले. त्यांच्या अर्जावर मुख्य न्यायमूर्ती सर जॉन व्हॉन याने निर्णयाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही, असे ठरविले. हा निवाडा ‘बुशेल खटला’ म्हणून प्रसिद्ध आहे.

यानंतरच्या दीडशे वर्षांत या सामर्थ्याचा वापर मुख्यतः दोन क्षेत्रांत झाला. पहिले क्षेत्र मुद्रणस्वातंत्र्याचे होय. न्यूयॉर्कचा मुद्रक जॉन पीटर झेंगर याच्यावर गव्हर्नर विल्यम कॉस्बी याची बदनामी केल्याबद्दल १७३५ मध्ये खटला भरण्यात आला. मजकूर छापल्याची कबुली त्याचा वकील अँड्रू हॅमिल्टन याने दिली होती आणि तत्कालीन कायद्याप्रमाणे तेवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत होता. तरीही ज्यूरीने झेंगरला मुक्त केले. इंग्लंडमध्ये अशाच वादांतून चार्ल्स जेम्स फॉक्स याचा बदनामीविषयक अधिनियम १७९२ मध्ये संमत झाला आणि संपूर्ण प्रश्नावर निर्णय देण्याचा ज्यूरीचा अधिकार मान्य झाला. दुसरे क्षेत्र देहान्त शिक्षेचे होय. राहत्या घरातून ४० शिलिंग वा अधिक किंमतीची चोरी केल्यास अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये फाशीची शिक्षा होती. अनेक ज्यूरींनी चोरीच्या मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवून आरोपींचे प्राण वाचविले. विल्यम ब्लॅकस्टन या विधिज्ञाने या प्रकारास ‘पुण्यकारक शपथभंग’ असे म्हटले आहे.

अ. सं. सं. मध्ये १८५० च्या पलायित गुलाम अधिनियमाविरुद्ध उत्तरेकडील ज्यूरींनी हे सामर्थ्य वापरले. पळून आलेल्या गुलामांची सुटका करणाऱ्यांवर बॉस्टन येथे भरलेले खटले अयशस्वी ठरले, तर पेनसिल्व्हेनियातील क्रिस्टियाना येथील प्रतिकारानंतर कॅस्टनर हॅनवे याच्यावर ठेवलेला राजद्रोहाचा आरोप १८५१ मध्ये ज्यूरीने अल्पावधीतच फेटाळला. मात्र शतकाच्या अखेरीस न्यायालयांची भूमिका कठोर झाली. स्पार्फ खटल्यात (१८९५) सर्वोच्च न्यायालयाने, कायदा कोणता हे न्यायाधीशाने सांगावयाचे व ज्यूरीने तो मान्य करून फक्त वस्तुस्थिती ठरवावयाची, असे स्पष्ट केले. व्हिएटनाम युद्धाच्या विरोधकांनी हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला, तेव्हा डॉगर्टी खटल्यात (१९७२) वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने एक विलक्षण समन्वय साधला : ज्यूरीचे हे सामर्थ्य खरे आहे, कधीकधी ते हितकारकही असते, परंतु न्यायाधीशाने ज्यूरीला त्याची माहिती देण्याची आवश्यकता नाही आणि ती न देणेच इष्ट होय. न्यायमूर्ती डेव्हिड बॅझलन याने या मुद्यावर भिन्न मत नोंदविले. जे सामर्थ्य मान्य आहे ते लोकांपासून लपवून ठेवणे योग्य नव्हे, असा त्याच्या मताचा रोख होता. संघीय न्यायालयांत आजही डॉगर्टी खटल्यातील बहुमताचेच सूत्र प्रचलित आहे.

शस्त्रकायदे व ज्यूरी : शस्त्रविषयक कायदा व ज्यूरीचा मूक निर्णय यांचा संबंध सतराव्या शतकापर्यंत मागे नेता येतो. ब्रिस्टल येथील सर जॉन नाइट याच्यावर सशस्त्र फिरून व चर्चमध्ये जाऊन लोकांत भीती निर्माण केल्याचा आरोप १६८६ मध्ये ठेवण्यात आला. या खटल्याचा आधार १३२८ चा नॉर्दॅम्प्टन अधिनियम हा होता. ज्यूरीने नाइट यास निर्दोष ठरविले. त्याने शस्त्र बाळगलेच नव्हते म्हणून, त्याचा हेतू वाईट नव्हता म्हणून, की केवळ त्याच्याविषयीच्या सहानुभूतीमुळे, हे निर्णयावरून समजण्यास मार्ग नाही. या एका शब्दाच्या निर्णयाचा अर्थ लावण्याचा प्रयत्न अ. सं. सं. च्या सर्वोच्च न्यायालयाने ३३६ वर्षांनंतर ब्रूएन खटल्यात (२०२२) केला आणि त्यावर न्यायमूर्तींत मतभेद झाले. ज्यूरीच्या निर्णयातून निषेधाचा अर्थ काढणे किती अवघड असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अ. सं. सं. च्या संविधानातील दुसरी घटनादुरुस्ती (१७९१) शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्कास संरक्षण देते. त्या देशात शस्त्रांवर व्यापक संघीय नियंत्रण विसाव्या शतकात आले. मद्यबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र अधिनियमाने मशीनगन, आखूड नळीच्या शॉटगन इ. शस्त्रांची नोंदणी आवश्यक केली व त्यांच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसविला. मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये बंदूक नियंत्रण अधिनियम संमत झाला. गंभीर गुन्ह्यासाठी पूर्वी दोषी ठरलेल्या व्यक्तीने शस्त्र बाळगणे हा त्यानुसार संघीय गुन्हा आहे. पुढे नव्या मशीनगनवर १९८६ मध्ये बंदी आली व १९९३ च्या ब्रॅडी अधिनियमाने खरेदीदाराची पूर्वतपासणी आवश्यक केली. या कायद्यांतील अनेक अपराध केवळ बाळगण्याचे किंवा नोंदणी न करण्याचे असतात. त्यांत प्रत्यक्ष इजा झालेली व्यक्ती नसते. कायद्याचा भंग झाला, पण बळी कोण, असा प्रश्न ज्यूरीपुढे उभा राहू शकतो. निष्प्रभावनाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या युक्तिवादाचे बळ मुख्यतः येथेच आहे.

मिलवॉकी येथील एका खटल्यात हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे दिसून आला. त्या खटल्यातील ज्यूरीच्या बंद खोलीतील चर्चेचे चित्रीकरण करण्याची अनुमती मिळाली होती आणि ते १९८६ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. बौद्धिक क्षमता बेताची असलेल्या आरोपीने पत्रद्वारा गुप्तहेराचा अभ्यासक्रम घेतला होता व त्या ओघात पिस्तूल विकत घेतले होते. पूर्वी शिक्षा झालेली असल्याने ते बाळगण्याचा त्यास अधिकार नव्हता; पण त्याने ते लपविले नाही. गुन्ह्याचे सर्व घटक सिद्ध झाल्याचे बहुतेक सदस्यांना मान्य होते. तरीही दीर्घ चर्चेनंतर त्यांनी त्याला एकमताने निर्दोष ठरविले. येथे शस्त्रकायद्याचा निषेध नव्हता. कायदा योग्य मानूनही या माणसासाठी तो नाही, असे बारा नागरिकांना वाटले. शस्त्रांच्या खटल्यांतील निष्प्रभावनाचे निश्चितपणे ज्ञात असे उदाहरण निषेधाचे नसून करुणेचे आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

याउलट, निषेधाची उदाहरणे म्हणून ज्यांचा वारंवार उल्लेख होतो, ते खटले संदिग्ध आहेत. आयडाहो राज्यातील रँडी वीव्हर याने १९८९ मध्ये नळ्या कापून आखूड केलेल्या दोन शॉटगन सरकारी खबऱ्यास विकल्या. तो न्यायालयात हजर न झाल्याने ऑगस्ट १९९२ मध्ये रूबी रिज येथील त्याच्या घरास वेढा पडला. त्यात त्याची पत्नी, चौदा वर्षांचा मुलगा व एक संघीय अधिकारी मृत्युमुखी पडले. ज्यूरीने १९९३ मध्ये त्यास खुनाच्या व मूळ शस्त्रविक्रीच्या आरोपांतून मुक्त केले. न्यायालयात हजर न राहणे व जामिनाच्या अटी मोडणे एवढ्यांपुरतेच दोषी ठरविले. शस्त्रकायद्याच्या विरोधकांनी या निर्णयाचे स्वागत केले. परंतु सरकारी खबऱ्याने फूस लावून आरोपीस गुन्ह्यात गोवले, हा बचाव कायद्यातच मान्य आहे. त्यामुळे ज्यूरीने कायदा मोडला की पाळला, हे सांगता येत नाही.

ऑरेगन राज्यातील मालूर पक्षी अभयारण्याच्या कार्यालयांचा सशस्त्र ताबा घेणाऱ्या ॲमन बंडी व त्याच्या सहा सहकाऱ्यांचा खटलाही असाच आहे. हा ताबा २०१६ च्या प्रारंभी ४१ दिवस चालला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने सातही आरोपींना कटाच्या आरोपातून आणि त्यांतील काहींना संघीय इमारतीत शस्त्रे बाळगल्याच्या आरोपातून मुक्त केले. तथापि कटाचा हेतू फिर्यादी पक्षाने सिद्ध केला नाही, एवढाच आपल्या निर्णयाचा अर्थ आहे, असे ज्यूरीतील एका सदस्याने नंतर वृत्तपत्रास कळविले. हॅरी कॅल्व्हेन व हान्स झायसेल यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन ज्यूरीविषयक अभ्यासाशी हे सुसंगत आहे. ३,५७६ खटल्यांच्या या पाहणीत सु. ७८ टक्के खटल्यांत न्यायाधीश व ज्यूरी यांचे मत जुळले, तर सु. १९ टक्के खटल्यांत न्यायाधीशाने दोषी मानलेल्या आरोपीबाबत ज्यूरीने सौम्य भूमिका घेतली. मात्र ज्यूरी कायद्याविरुद्ध उघड बंड क्वचितच करते. पुराव्यात शंकेस जागा असेल, तेव्हा त्या शंकेच्या आडोशाने कायद्याविषयीची तिची नापसंती व्यक्त होते, असे त्यांना आढळले.

शस्त्रकायद्यांविषयी ज्यूरी स्वभावतःच प्रतिकूल असतात, हे गृहीतही टिकत नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्स याने डिसेंबर १९८४ मध्ये चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. १९८७ मध्ये ज्यूरीने त्यास खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले, पण विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरविले. गोळीबार क्षम्य मानणाऱ्या ज्यूरीने शस्त्रकायद्याची मात्र अंमलबजावणी केली. राज्यात तयार झालेल्या व राज्याबाहेर न गेलेल्या शस्त्रांना संघीय कायदा लागू नाही, असे कॅन्सस राज्याने २०१३ मध्ये जाहीर केले होते. त्यावर विसंबून बंदुकीचा आवाज दाबणारी उपकरणे नोंदणीविना तयार करणारा विक्रेता व त्याचा एक ग्राहक यांना त्याच राज्यातील ज्यूरीने २०१६ मध्ये दोषी ठरविले. न्यायाधीशाने त्यांना कारावासाऐवजी परिवीक्षेवर सोडले. म्हणजे सौम्यता आली ती न्यायाधीशाकडून.

आपल्या निर्णयाचे परिणाम ज्यूरीला ठाऊक नसतात, ही एक गंभीर मर्यादा होय. टेक्सस राज्यातील वेको येथील ब्रँच डेव्हिडियन पंथाच्या वसाहतीवर फेब्रुवारी १९९३ मध्ये छापा पडला; त्यात चार अधिकारी मारले गेले आणि एप्रिलमध्ये आग लागून वसाहत नष्ट झाली. वाचलेल्यांपैकी अकरा जणांवर १९९४ मध्ये खटला चालला. ज्यूरीने खुनाच्या कटाचा आरोप सर्वांबाबत फेटाळला. परंतु काहींना हिंसक गुन्ह्यात शस्त्र वापरल्याबद्दल दोषी धरले. न्यायाधीशाने हा दुय्यम निर्णय विसंगत म्हणून प्रथम बाजूला ठेवला, नंतर पुन्हा ग्राह्य धरला आणि शस्त्रे मशीनगन होती, असे स्वतः ठरवून पाच जणांना प्रत्येकी ४० वर्षांच्या शिक्षा दिल्या. शस्त्राचा प्रकार ठरविणे हे ज्यूरीचे काम आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कॅस्टिलो खटल्यात (२०००) दिल्यानंतर त्या शिक्षा कमी झाल्या. ज्यूरीने मुख्य आरोप फेटाळून दाखविलेली सौम्यता शस्त्रकायद्यातील शिक्षेच्या तरतुदीने जवळजवळ पुसून टाकली होती.

माहिती देण्याची चळवळ : ज्यूरीस हे सामर्थ्य ज्ञात व्हावे, या हेतूने ‘फुली इन्फॉर्म्ड ज्यूरी असोसिएशन’ ही संस्था १९८९ मध्ये माँटॅना राज्यात स्थापन झाली. शस्त्रनिर्बंधांचे विरोधक, करविरोधक व अंमली पदार्थांवरील बंदीचे विरोधक अशा भिन्न गटांचा पाठिंबा तिला लाभला. साउथ डकोटा राज्यात कायद्याच्या योग्यायोग्यतेविषयी ज्यूरीपुढे युक्तिवाद करण्याची मुभा देणारी घटनादुरुस्ती २००२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळली. न्यू हँपशर राज्याने २०१२ मध्ये काहीशा अनुकूल शब्दांत कायदा केला. पण त्याने निष्प्रभावनास मान्यता मिळत नाही, असा अर्थ त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये लावला. शिवाय संघीय न्यायालयांतील नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीने होतात, त्यामुळे बहुसंख्य शस्त्रखटले ज्यूरीपर्यंत पोहोचतच नाहीत. पूर्वी शिक्षा झालेल्या व्यक्तीने शस्त्र बाळगल्याच्या संघीय खटल्यांत दोषी ठरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्ती अलीकडच्या वर्षांत कृष्णवर्णीय असल्याचे आढळते. शस्त्रस्वातंत्र्याच्या चळवळीत गाजलेले आरोपी मात्र बहुतेक श्वेतवर्णीय आहेत. ज्यांच्यासाठी आवाज उठविला जातो आणि कायद्याचा भार ज्यांच्यावर पडतो, ते लोक वेगवेगळे आहेत.

दुसरी बाजू : या सामर्थ्याचा सर्वांत काळा इतिहास दक्षिणेकडील राज्यांत घडला. मिसिसिपी राज्यात १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोळी घालून खून करणाऱ्या दोघांना केवळ श्वेतवर्णीयांच्या ज्यूरीने सु. एका तासात मुक्त केले. पुढे काही महिन्यांतच पैसे घेऊन दिलेल्या मुलाखतीत त्यांनी गुन्हा कबूल केला; पण त्यांच्यावर पुन्हा खटला भरता आला नाही. नागरी हक्कांचा नेता मेडगर एव्हर्स याच्या १९६३ मधील हत्येच्या आरोपीविरुद्ध १९६४ मध्ये दोन वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही. तो १९९४ मध्ये दोषी ठरला. झेंगरला ज्या नियमांनी वाचविले, त्याच नियमांनी टिलच्या मारेकऱ्यांना वाचविले.

मुंबईतील अनुभव : या सामर्थ्याचा उगम निर्णयाच्या अंतिमतेत आहे, हे ब्रिटिशकालीन व स्वातंत्र्योत्तर मुंबईतील दोन खटल्यांच्या तुलनेने स्पष्ट होते. बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) यांच्यावरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीतील सात यूरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी, तर दोन पारशी सदस्यांनी निर्दोष ठरविले. येथे इंग्लंड-अमेरिकेप्रमाणे एकमताची अट नसल्याने दोघांचे मत निष्फळ ठरले आणि टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नौदल अधिकारी के. एम्. नानावटी यांनी एप्रिल १९५९ मध्ये रिव्हॉल्व्हरने गोळ्या झाडून प्रेम आहुजा यांचा जीव घेतला. त्या खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. परंतु १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०७ व्या कलमानुसार असा निर्णय उच्च न्यायालयाकडे पाठविण्याचा सत्र न्यायाधीशास अधिकार होता. त्याप्रमाणे मुंबई उच्च न्यायालयाने १९६० मध्ये नानावटी यांना दोषी ठरविले व १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना माफी दिली. ज्यूरीला जे साधले नाही, ते शेवटी शासनाच्या क्षमाधिकाराने साधले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी पद्धतीस स्थान उरले नाही.

मूल्यमापन : ज्यूरीचा निर्णय एका शब्दाचा असतो, त्यामुळे निषेधाचे साधन म्हणून त्यात एक मूलभूत उणीव राहते. सभा, निवेदन किंवा सत्याग्रह यांत निषेध करणारा आपले कारण जाहीर करतो व त्याचे परिणाम स्वतः सोसतो. ज्यूरीचा सदस्य कारण सांगत नाही आणि त्याला काही सोसावेही लागत नाही. किंबहुना, कायदा पाळण्याचा आपला विचार नाही, असे त्याने उघड केल्यास त्यास ज्यूरीतून वगळता येते. गुलामगिरी किंवा मुद्रणस्वातंत्र्य यांसारख्या प्रश्नांत एकाच प्रकारचे निर्णय पुनःपुन्हा लागत गेले, म्हणून त्यांचा अर्थ सरकारला टाळता आला नाही. शस्त्रकायद्यांबाबत तशी सलग परंपरा निर्माण झाली नाही. हेलर (२००८) व ब्रूएन (२०२२) या खटल्यांनंतर दुसऱ्या घटनादुरुस्तीचा हक्क व्यक्तीचा असल्याचे मान्य झाल्याने शस्त्रकायद्यांच्या विरोधकांना न्यायाधीशांपुढे उघड युक्तिवाद करण्याचा मार्ग मोकळा झाला. रहिमी खटल्यात (२०२४) कौटुंबिक हिंसेमुळे न्यायालयीन प्रतिबंध असलेल्या व्यक्तीस शस्त्र नाकारणारी तरतूद वैध ठरली, यावरून त्या मार्गाच्या मर्यादाही दिसून येतात. ज्यूरीचे सामर्थ्य मात्र, मिलवॉकीच्या खटल्याप्रमाणे, सामान्य नियमात न बसणाऱ्या एखाद्या माणसापुरते उपयुक्त राहिले आहे. त्याहून अधिक काही त्याच्याकडून अपेक्षिल्यास, त्याच शस्त्राने टिलच्या मारेकऱ्यांनाही संरक्षण दिले होते, याचे भान ठेवणे आवश्यक ठरते.